ठेंगण्या गाडीचे पोट कसे राखावे?

कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड असो की पुण्याची नाना पेठ, मोटारीच्या धंद्यावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पूर्वी या कारागिरांच्या हाताखालून फियाट, अॅम्बेसेडर आणि टेम्पो जात. आता मधूनच एखादी ठेंगणी स्पोर्ट्स कारही दारात येऊन उभी राहते. असे काम आले म्हणजे आनंद होतो, पण जोखीमही तेवढीच असते.

आमच्या परिचयाच्या एका गॅरेजात अशी गाडी नुसत्या पॉलिशसाठी आली होती. रस्त्यावरून आत घेताना उंबऱ्याच्या कडेला तिचे नाक घासले. काम पॉलिशचे, भरून द्यावा लागला बंपर. महिन्याची कमाई गेली आणि गिऱ्हाईकही तुटले. म्हणून हा विषय आज घेत आहोत.

घासते ते कशामुळे?

गाडी ठेंगणी आहे एवढेच कारण पुरेसे नाही. चढाचा आकार आणि चाकांमधील अंतर यांचा मेळ बसला नाही की गाडी घासते. पोर्शे ९११ चे उदाहरण घेऊ. तिच्या सध्याच्या पिढीत पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २४५ सेंटिमीटर आहे. पोटाखाली १२ सेंटिमीटर जागा आहे असे धरू.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गोलसर गतिरोधकाचे माप दिले, ते रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असे. त्याच्या मधोमध ही गाडी आली तर चारही चाके गतिरोधकावरच असतात. चाकांखालची उंची साधारण साडेपाच सेंटिमीटर भरते, म्हणजे पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर जागा लागते. गाडी सुखाने पार होते.

आता गल्लीतला हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच उंचवटा पाहा. पुढची चाके त्यावरून उतरली की चारही चाके सपाट रस्त्यावर येतात आणि उंचवटा बरोबर पोटाखाली सापडतो. जागा १२ ची, अडथळा १५ चा. मग कितीही हळू चालवा, गाडी घासणारच. तिथे दुसरा रस्ता धरणे हाच उपाय.

आधी माप, मग काम

गाडी आत घेण्यापूर्वी नाकाची खालची कड, पोटाचा मध्य आणि मागची कड अशा तीन ठिकाणी जमिनीपासूनचे अंतर मोजावे. आधीचे ओरखडे गिऱ्हाईकासमोर पाहून लिहून ठेवावेत आणि फोटो काढावा. म्हणजे पुढे वाद उरत नाही.

उंबऱ्याला एकास दहा असा उतार द्यावा. पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर फळी दीड मीटर लांब हवी. फळीच्या मध्याखाली आधार द्यावा आणि ती सरकणार नाही याची खात्री करावी. गाडी चढवताना एकाने बाजूला वाकून नाकाकडे पाहत राहावे. ब्रेक दाबला की नाक खाली झुकते, म्हणून वेग आधीच कमी करून चढाच्या तोंडाशी ब्रेक सोडावा. जागा असेल तर गाडी तिरकी घ्यावी. एकेक चाक चढते आणि नाक वाचते.

काही गाड्यांत नाक उचलण्याचे बटण असते. ते कसे चालते हे गिऱ्हाईकाला आधीच विचारून घ्यावे.

झिजणारी पट्टी

नाकाखाली झिजण्यासाठीच एक पट्टी लावता येते. ओरखडा पट्टीला पडतो, बंपर राहतो. यासाठी एचडीपीई किंवा त्याहून चिवट असे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन चांगले. खाटकाकडे मटण कापण्याचा पांढरा प्लास्टिकचा पाट असतो, त्याच जातीचा हा माल. तो गुळगुळीत असल्याने अडकत नाही, घसरून पुढे जातो.

जाडी पाच-सहा मिलिमीटर पुरे, कारण तेवढी जागा आपणच कमी करतो. यावर गोंद धरत नाही, म्हणून स्क्रूच हवेत आणि त्यांचे डोके पट्टीत पूर्ण बुडालेले हवे. उन्हाने हा माल वाढतो, तेव्हा भोके किंचित लांबट ठेवावीत. सलग पट्टीऐवजी वीतभर तुकडे लावावेत, म्हणजे झिजेल तेवढाच बदलता येतो. शक्यतो कंपनीच्या मूळ स्क्रूच्या जागाच वापराव्यात. कार्बन फायबरच्या कडेला भोक पाडू नये. हवा आत जाण्याची तोंडे आणि पाणी निथळण्याची भोके झाकू नयेत. हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून सायलेन्सरपासून दूर ठेवावे.

हे करू नये

पोटाखाली जाड लोखंडी पत्रा ठोकू नये. वजन वाढते, वारा अडतो आणि इंजिन तापू शकते. काळे अंडरकोटिंग गंजासाठी असते, घासण्यापासून ते वाचवत नाही. स्प्रिंगमध्ये रबर घालून गाडी उंच केली तर वळणावर तिचा तोल बदलतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही.

गाडी घासलीच तर आवाज बारीक होता म्हणून सोडून देऊ नये. खालच्या झाकणाचे स्क्रू, तेलाचे चेंबर आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. खाली पुठ्ठा अंथरून पंधरा-वीस मिनिटांनी डाग पडला का ते बघावे. तेलाचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करावे. आणि गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. कंपनीने नेमून दिलेल्या जागीच घोड्या लावाव्यात.

गिऱ्हाईकाची गाडी म्हणजे अमानत. प्लास्टिकचे चार तुकडे, दीड मीटरची फळी आणि मोजपट्टी, एवढ्या सामानावर ही अमानत राखता येते. ज्याच्या दारातून गाडी जशी आली तशीच परत जाते, त्याच्याकडे दुसरी गाडी आपोआप येते.