डाग फिकट झाले, तरी फाटक बंदच ठेवा

तुमच्याकडे कुत्र्याचं मादी पिल्लू असेल आणि शेजारी जवळपास त्याच वयाचा कुत्रा असेल, तर ती दोघं सहा महिन्यांची व्हायच्या आत दोन्ही घरांनी समोरासमोर बसून एकदा बोलून घ्यावं. 'अजून लहान आहेत' हे आपलं म्हणणं झालं. कुत्री साधारण सहा महिने ते एक वर्ष या काळात पहिल्यांदा माजावर येते. लहान चणीच्या जातींत हे लवकर होतं, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षंही लागतात. कुत्राही सहा-आठ महिन्यांचा झाला की बाप होऊ शकतो. आपल्या लेखी ती पायपुसणी कुरतडणारी पिल्लंच असतात.

आमची सोनी गावठी, रस्त्याकडेला सापडलेली. शेजारच्या काकांचा ब्रुनो लॅब्रॅडॉर. आमच्या दोन्ही अंगणांमधल्या भिंतीला एक लहानसं फाटक आहे. वाटीभर आमटी, दिवाळीची चकली, सगळी देवाणघेवाण तिथूनच. दोघं त्याच फाटकातून ये-जा करत वाढली. "भावंडंच ती," असं काकू कौतुकाने म्हणायच्या.

सोनी वर्षाचीही नव्हती, तेव्हा फरशीवर लाल थेंब दिसले. तिला घरात ठेवलं, फाटकाला कडी घातली. कडी का घातली, हे काही आमच्याकडून काकांना सांगितलं गेलं नाही. असल्या गोष्टी शेजाऱ्यांशी बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. आठवडा उलटून गेल्यावर डाग फिकट होत गेले, मांस धुतलेल्या पाण्यासारखे. सगळ्यांना वाटलं, संपलं. सासूबाईंनी तिला अंगणात सोडलं. दुपारी काकू कोथिंबीर द्यायला नेहमीसारख्या फाटक उघडून आल्या, आणि त्यांच्या मागोमाग ब्रुनो.

मी बाहेर आले तेव्हा दोघं पाठीला पाठ लावून उभी होती, अडकलेली. सोनी कण्हत होती. काकांचा मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला, कोणी काठी आणली. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कोणी ओढू नका, मारू नका. दोघांचे पट्टे धरा आणि शांत बसवा." नराच्या इंद्रियाच्या मुळाशी असलेली गाठ फुगते आणि मादीचे स्नायू ती आवळून धरतात. पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हे चालतं आणि आपोआप सुटतं. ओढाताण केली तर दोघांनाही आतून जखमा होतात. वीर्य तोवर आत गेलेलं असतं, त्यामुळे सोडवून गर्भ टळतही नाही. काका ब्रुनोजवळ मांडी घालून बसले, मी सोनीचं डोकं मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं, ते कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. माज सुमारे तीन आठवडे चालतो. पहिला आठवडा-दीड आठवडा लाल स्राव असतो, सूज असते. कुत्रे मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढच्या टप्प्यात स्राव फिकट, गवती रंगाचा होतो, आणि नेमकी तेव्हाच ती नराला उभी राहते. पाठीच्या शेवटाला हात लावला की शेपूट एका बाजूला वळवते. म्हणजे डाग कमी होणं ही सुटकेची खूण नाही, खरा धोका तिथून सुरू होतो. मोजणी पहिल्या थेंबापासून करायची आणि पुरते चार आठवडे पहारा ठेवायचा. कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा. काही कुत्र्या स्वतःला इतकं चाटून साफ ठेवतात की थेंब दिसतच नाहीत. म्हणून सूज आणि सतत चाटणं यांवरही लक्ष हवं.

त्या चार आठवड्यांत तिला अंगणात एकटं सोडू नका, बांधूनही नाही. बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही. भिंत, गेट, जाळी यांवर विसंबू नका. माजाच्या वासाने वेडावलेला कुत्रा भिंतीवरून उडी मारतो, मातीखालून उकरतो, आणि जाळीच्या फटीतूनही समागम होऊ शकतो. फिरायला नेताना पट्टा हातातच हवा. बाजारात मिळणारे डायपर फरशी स्वच्छ ठेवतात, कुत्र्याला अडवत नाहीत. एकाच घरातली भावंडं किंवा आई-मुलगा असतील तरी वेगळी ठेवा. नातं त्यांना कळत नाही. आणि घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, फाटक का बंद आहे ते स्पष्ट सांगा.

हेच पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनाही सांगा. "आमची माजावर आली आहे, महिनाभर तुमच्याला सांभाळा," एवढं वाक्य पुरे. ज्यांचा कुत्रा आहे त्यांचंही काम मोठं आहे. तो जेवण टाकतो, रात्रभर रडतो, दार ओरबाडतो. त्याला मारू नका. लांबच्या रस्त्याने दमेपर्यंत फिरवा, आणि शक्य असेल तर थोडे दिवस नातेवाइकांकडे ठेवा. भटक्या कुत्र्यांचीही आठवण ठेवा. आपल्याकडे भाद्रपदाच्या सुमाराला गल्लीत त्यांच्या टोळ्या फिरतात. त्यांच्याकडून गुप्तांगाची संसर्गजन्य गाठही पाळीव कुत्रीला लागू शकते.

एवढं करूनही घडलंच, तर वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गर्भ न राहण्यासाठी किंवा थांबवण्यासाठी उपाय आहेत. काही औषधांनी गर्भाशयात पू होण्याचा, रक्त तयार होण्याची क्रिया दबण्याचा धोका असतो, म्हणून निवड डॉक्टरांचीच. माणसांच्या गोळ्या कदापि देऊ नका. त्यानंतरही तिला बंदच ठेवा, कारण एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं होऊ शकतात. साधारण महिन्याभराने सोनोग्राफीत गर्भ दिसतो, आणि दोन महिन्यांच्या आसपास कुत्री विते.

सोनीला गर्भ राहिलाच. व्याली ती रात्री. एक पिल्लू अडलं, दवाखान्यात न्यावं लागलं, शस्त्रक्रिया करावी लागली. पिल्लांना कसं पाजायचं हे त्या कोवळ्या आईला कळेना, म्हणून काकू आणि मी दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजत होतो. घरं शोधायला लागलो, तेव्हा जो तो एकच विचारी, "नर आहे का? नर असेल तर द्या." नर भराभर गेले. मादी पिल्लं मात्र कोणाला नको होती. पोत्यात भरून नदीकाठी किंवा भाजी मंडईमागे सोडली जातात, ती अशीच. जी जगतात, ती पुढच्या भाद्रपदात माजावर येतात आणि वितात. आमची शेवटची मादी पिल्लं ओळखीच्या ओळखीने, नसबंदी करून देण्याच्या वचनावर गेली, आणि ते वचन दोन्ही घरांनी पाळलं.

कायमचा उपाय तोच, नसबंदी. 'एक वेत होऊ द्यावं, मग करावी' या समजाला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूप घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. मोठ्या जातींत हाडांची वाढ पाहून डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. माज चालू असताना रक्तस्राव जास्त होतो, म्हणून तो सरल्यावर दोन-तीन महिन्यांनी करतात. कुत्र्याची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी, पण त्यानंतरही काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक असतं, तोवर त्याला दूरच ठेवायचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही पाळीव जनावराच्या लसीकरणाची, जंतनाशकाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची आहे.

सोनी आणि ब्रुनो दोघांचीही नसबंदी झाली, खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला. तुमच्याकडे तशी जोडी असेल, तर आज संध्याकाळीच शेजारी जा. तारीख ठरवा, डॉक्टर ठरवा, कोण कुठे राहणार ते ठरवा. लाज वाटेल ती दोन मिनिटांचीच. ती सोसा, म्हणजे नको असलेली मादी पिल्लं पोत्यात भरायची वेळ कोणावर येणार नाही.