वाफेच्या इस्त्रीतील पांढरा थर

सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया हा भाग आहे. शेजारच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. कापडाच्या या गावात साडी घडीत बसण्यापूर्वी तिच्यावरून वाफ फिरते. ही वाफ देणाऱ्या टाकीत काही दिवसांतच पांढरा, कडक थर धरतो. हा थर म्हणजे आपल्या क्रमिक पुस्तकातील ‘दुष्फेन पाणी’ हा धडाच होय.

जमिनीत मुरताना पाणी चुना व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. कार्बन डायॉक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. वाफ शुद्ध निघून जाते, क्षार मागे राहतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता स्वीकारार्ह आहे. दुसरे पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास चांगले पाणी टाकीस चांगले असेलच असे नाही.

हिशेब करून पाहू. समजा, पाण्याची दुष्फेनता ३०० मिलिग्रॅम असून ती सर्व तात्पुरती आहे. रोज १० लिटर पाण्याची वाफ केली, तर रोज ३ ग्रॅम आणि सहा दिवसांत १८ ग्रॅम चुनखडी साठेल. हा थर ॲल्युमिनियमच्या मानाने सुमारे शंभरपट मंद उष्णतावाहक असतो. त्यामुळे वीज जास्त जळते, छिद्रे बुजतात, वाफेऐवजी उकळते पाणी थुंकल्यासारखे उडते. गडद साडीवर पांढरे डाग पडतात आणि कारागिराचा हात भाजतो. नगावर मजुरी घेणाऱ्यास हे दोन्ही परवडत नाही.

हा थर खरवडू नये. धातूस ओरखडे पडतात व तेथेच नवा थर लवकर धरतो. तो विरघळवावा. एक ग्रॅम चुनखडीस सुमारे १.३ ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते. म्हणून वरील १८ ग्रॅमसाठी २३ ग्रॅम पुरे. व्यवहारात लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम घ्यावे. सुरतेस ते वाण्याकडे ‘लिंबूना फूल’ म्हणून मिळते.

प्रथम वीज तोडून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. द्रावण टाकीत भरून अर्धा तास ठेवावे. बुडबुडे निघतात तो कार्बन डायॉक्साइड. हे द्रावण उकळू नये, कारण तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि पुन्हा तळ धरते. नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन, पहिली वाफ जुन्या फडक्यावर सोडावी. यंत्रासोबतच्या पत्रकात वेगळी सूचना असल्यास तीच पाळावी. फरशी धुण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र कधीही वापरू नये. ते ॲल्युमिनियम खाते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडते.

याहून सोपा उपाय म्हणजे थर धरूच न देणे. पाणी आधी उकळून, निवळून वरचेच घेतल्यास तात्पुरती दुष्फेनता बरीचशी पातेल्यातच राहते. कायम दुष्फेनता मात्र उकळून जात नाही. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच हवे. रोज संध्याकाळी यंत्र निवल्यावर टाकी रिकामी करण्यास तर काहीच खर्च नाही.

परीक्षेत दोन गुणांपुरते लिहिले जाणारे हे समीकरण एखाद्याच्या दिवसभराच्या मजुरीशी जोडलेले असते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावे.