अंतर मोजणारा कॅमेरा

आमच्या शाळेच्या शास्त्रविषयाच्या कपाटांत एक लहानसा, पण हातांत घेतांच वजन जाणविणारा, जर्मन बनावटीचा कॅमेरा आहे. एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं तो शाळेस दिला. मधल्या सुटींत तो बाहेर काढला कीं मुलें भोंवतीं जमतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, यांत चित्र कोठें दिसतें?” मोबाइलच्या पडद्यावर आधीं चित्र पाहून मग तें टिपण्याची ज्यांस संवय, त्यांनीं असें विचारणें साहजिकच आहे. उत्तर मात्र त्यांस चमत्कारिक वाटतें. भिंगानें पाडलेलें चित्र या कॅमेऱ्यांत डोळ्यांस दिसतच नाहीं! डोळा एका खिडकींतून पाहतो, व प्रकाश दुसऱ्याच वाटेनें फिल्मवर जातो. या यंत्राचे बहुतेक गुण आणि बहुतेक खोडी या एका गोष्टींतून निघाल्या आहेत.

हा कॅमेरा लायका जातीचा. जर्मनींतील व्हेट्झलार गांवीं लाइट्स यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथें ऑस्कर बार्नाक हे कुशल यंत्रज्ञ काम करीत. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरचें चित्र घेणारा नमुना त्यांनीं १९१३-१४ च्या सुमारास तयार केला, व १९२५ सालीं लायप्झिगच्या व्यापारी जत्रेंत त्यापासून निघालेला लायका लोकांपुढें आला. त्यांत अंतर मोजण्याची सोय नव्हती. वस्तु किती दूर आहे हें अंदाजानें ठरवावें, किंवा वर निराळें मापक बसवून पाहावें, अशी रीत होती. १९३२ सालीं लायकाच्या दुसऱ्या आवृत्तींत हा मापक भिंगाशींच जोडला गेला, आणि त्याच वर्षीं झाइस इकॉन या कंपनीनें आपला कॉन्टॅक्स काढून स्पर्धा सुरू केली.

त्रिकोणमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस मापकाची रचना सहज कळेल. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन बारीक खिडक्या असतात. एकींतून सरळ आलेलें व दुसरींतून वळवून आणलेलें, अशीं दोन चित्रें डोळ्यांत एकावर एक पडतात. भिंगाची कडी फिरविली कीं आंतील तरफ सरकते व त्यांतलें एक चित्र हलूं लागतें. दोन्ही तंतोतंत जुळलीं कीं भिंग योग्य जागीं आलें असें समजावें. खिडक्यांमधील अंतर हा त्रिकोणाचा पाया होय. जुन्या लायकांत तो चार सेंटिमीटरांहून किंचित कमी. १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्समध्यें सुमारें नऊ. पाया रुंद तितकें माप बिनचूक, म्हणून या बाबतींत कॉन्टॅक्स सरस ठरतो. परंतु त्याची एक खिडकी नेमकी उजव्या हाताच्या बोटांपाशीं येते. चित्र जुळेना म्हणून मनुष्य भिंगास दोष देत बसतो, आणि खिडकीवर त्याचेंच बोट असतें! आमच्या लायकांत निराळी अडचण: अंतर एका छिद्रांतून पाहावयाचें व चौकट दुसऱ्यांतून. हीं दोन कामें एका खिडकींत आणण्यास लायकास १९५४ चा एम-३ निघेपर्यंत थांबावें लागलें.

घडण पाहावी तर कौतुक वाटतें. भिंगाचीं पितळी मळसूत्रें इतकीं मिळतीं घासलेलीं असतात कीं, एका बोटानें ढकलतां कडी संथपणें फिरते, मध्यें कोठेंही अडत नाहीं. पण प्रकाशाचें दार मात्र रबर लावलेल्या कापडाचें! आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग व पडदा यांमध्यें आरसा असतो; येथें कांहींच नाहीं. भिंगानें कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनींच केला आहे. झांकण न लावतां हा कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर तोच खेळ पडद्याशीं होतो. आमच्या कॅमेऱ्याच्या पडद्यास सुईच्या अग्राएवढें भोंक होतें, व प्रत्येक चित्राच्या एकाच कोपऱ्यांत पांढरा ठिपका उमटत असे. मुलें त्यास शुक्राची चांदणी म्हणत. कॉन्टॅक्सचा पडदा धातूच्या पट्ट्यांचा असल्यामुळें तो जळत नाहीं. पण त्या पट्ट्या रेशमी फितींवर टांगलेल्या, आणि फिती झिजून तुटतात.

फिल्म भरणें हेंही एक व्रतच. ती खालच्या बाजूनें सरकवावी लागते, व त्यासाठीं तिचें टोंक आधीं कात्रीनें लांबट, जिभेसारखें कापावें लागतें. कंटाळा करून तसेंच कोंबलें तर तुकडा आंत अडकून बसतो. शटरचा वेग चावी दिल्यानंतरच ठरवावा. कळ दाबतांना वेगाची चकती स्वतः फिरते, तिला बोट लागूं देऊं नये. घडी होणारें भिंग बाहेर ओढून पक्कें फिरवावें, नाहीं तर मापक ‘जुळलें’ म्हणतो आणि चित्र धुक्यांत बुडतें. सुमार नांवाच्या भिंगाची पुढील कांच तर इतकी मऊ कीं सदऱ्याच्या टोंकानें ती पुसणें म्हणजे तिच्यावर चरे पाडणें होय.

इतकें सोसून लोक हा कॅमेरा कां वापरीत? कारण तो हळू बोलतो. आरसा उडत नाहीं, डोळ्यापुढें क्षणभरही अंधार होत नाहीं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों यांनीं १९३२ पासून लायका हातीं धरला. जानेवारी १९४८ मध्यें ते दिल्लीस गांधीजींना भेटले, आणि पुढें त्यांच्या अंत्ययात्रेचीं चित्रेंही त्यांनींच टिपलीं.

आम्हांस मात्र याच कॅमेऱ्यानें एकदां फार खजील केलें. तीस वर्षें शाळेची घंटा देणारे आमचे शिपाई निवृत्त होत होते. मामा नवें धोतर व फेटा घालून मामींसह आले. त्यांचें एकत्र असें एकही छायाचित्र घरीं नव्हतें. आम्ही खिडकींतून पाहत होतों, चित्रें जुळत होतीं, पडदा कुजबुजत होता. हारतुरे, भाषणें, निरोप, सारें टिपलें. फिल्म धुतली तेव्हां ती कांचेसारखी स्वच्छ निघाली! भिंगावरील झांकण आम्हीं काढलेंच नव्हतें. समोरच्या मंडळींस वाटलें, हा कॅमेरा असाच असेल.

दिवाळीच्या सुटींत आम्ही त्यांच्या गांवीं गेलों व घडलें तें सांगितलें. मामा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग आंत जाऊन तोच फेटा बांधून आले, ओसरीवर बसले, मामींस शेजारीं बसविलें. आम्ही कॅमेरा डोळ्यास लावतों तोंच त्यांनीं हात वर केला.

“सर, आधीं झांकण.”

झांकण आमच्या खिशांतच होतें. तरी तें काढून त्यांस दाखवावें लागलें.