मातीतील संजीवनी

पहिल्या पावसानंतर सोलापूरच्या काळ्या रानातून उठणारा सुवास मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंमुळे येतो. याच कुळाने मानवाला अनेक प्रतिजैविके दिली आणि त्यांतील काही कर्करोगावरही चालतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे आईवडील शेतमजूर आहेत. माती हा आमच्या घरचाच विषय आहे.

१९४० साली अमेरिकेत वॅक्समन व वुडरफ यांनी मातीतील जिवाणूपासून ॲक्टिनोमायसिन मिळविले. ते इतके विषारी निघाले की जंतुरोगांवर देता येईना. परंतु पुढे त्यातीलच ॲक्टिनोमायसिन-डी लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयोगी पडले. दोषच गुण ठरला!

१९५० नंतरच्या दशकात इटलीतील कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत लालभडक द्रव्य बनविणारा जिवाणू सापडला. त्यापासून डॉनोरुबिसिन आणि त्याच्याच बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन मिळाले.

शोधाची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवून, पुनःपुन्हा पातळ करून थाळीतील अगरवर पसरतात. उगवलेले जिवाणू वेगळे वाढवून त्यांचा अर्क प्रथम पेशींवर, मग प्राण्यांवर व शेवटी रुग्णांवर तपासतात. हजारोंतून एखादाच टिकतो.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला हेच लाल औषध सलाईनमधून दिले. "केस का गळतात रे?" असे तिने मला विचारले. हे औषध पेशीतील डीएनएच्या धाग्यात शिरून पेशीचे विभाजन रोखते. कर्कपेशी झपाट्याने वाढतात, तशा केसांच्या मुळांतील पेशीही वाढतात. म्हणून दोघींनाही मार बसतो. हृदयालाही अपाय होऊ शकत असल्याने एकूण मात्रेवर मर्यादा असते. मावशीला हे समजावून सांगितल्यावर तिची भीती थोडी ओसरली.

आपल्या मातीचेही देणे आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार यांनी १९६१ साली हॅमायसिन शोधले. ते बुरशीवरचे औषध असले, तरी ते देणाऱ्या जिवाणूच्या नावात पिंपरी कायमची कोरली गेली. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते. रोग खेड्यात पोचला आहे. आता त्याचे ज्ञानही तेथे पोचले पाहिजे. ते सोप्या मराठीत पोचविणे हे आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे काय?