एअर रायफलमधील हवा : भरण्याचे शास्त्र व दक्षता

दहा मीटर एअर रायफल या क्रीडाप्रकारात महाराष्ट्राने मोलाची कामगिरी बजावली आहे. श्रीमती अंजली भागवत २००० साली सिडनी येथे आणि श्रीमती सुमा शिरूर २००४ साली अथेन्स येथे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ठाण्याचे श्री. रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथे जागतिक विजेतेपद पटकावले. या यशाने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांतही नेमबाजीची ओढ निर्माण होणे स्वाभाविक आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात एखाद्या शाळेने वा क्रीडामंडळाने अशी रायफल आणली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो तिच्यात हवा कोठून व कशी भरावयाची हा.

दाब म्हणजे किती?

स्पर्धेच्या रायफलीला जोडलेल्या लहानशा नळकांड्यात साधारणतः २०० बार दाबाची हवा साठविलेली असते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. म्हणजे रायफलीतील दाब त्याच्या शंभरपट झाला. साहजिकच पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर येथे निरुपयोगी ठरतो. रायफलीतील नियामक झडप प्रत्येक वेळी ठराविक दाबाचीच हवा सोडते. त्यामुळे साडेचार मिलिमीटरचा छर्रा दर वेळी जवळजवळ सारख्याच वेगाने सुटतो. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असल्याने या सारखेपणाला फार महत्त्व आहे.

बाटलीतून भरणे

पहिली रीत मोठ्या बाटलीतून हवा घेण्याची. येथे बॉइलचा नियम प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. दहा लिटरच्या बाटलीत २०० बार दाबाची हवा आहे आणि रायफलीच्या ०.२ लिटरच्या नळकांड्यात १०० बार उरली आहे, असे समजू. दोन्ही जोडून झडप उघडली, की दाब १९८ बारवर समान होतो. अशा रीतीने पंचवीस वेळा भरल्यावर तो १६१ बारच्या आसपास येतो. बाटली रिकामी न होताही ती 'उतरते', ती अशी.

बाटली ३०० बारची असेल, तर दाबमापकावर नजर ठेवून रायफलीच्या मर्यादेपाशी थांबणे अत्यावश्यक आहे. झडप अगदी हळू उघडावी. हवा वेगाने आत शिरली, की नळकांडे तापते व निवल्यावर दाब उतरतो. भरणे संपताच बाटलीची झडप बंद करावी, जोडनळीतील हवा सोडून द्यावी आणि मगच जोड सोडवावा. हा क्रम कधीही मोडू नये.

हातपंप

दुसरी रीत हातपंपाची. हा पंप दिसावयास सायकलच्या पंपासारखा असला, तरी हवा टप्प्याटप्प्याने दाबली जाते. वरील नळकांडे १०० वरून २०० बारवर नेण्यास सुमारे २० लिटर मोकळी हवा लागते; त्यासाठी शंभराहून अधिक दाब द्यावे लागतात. पंप तापतो, म्हणून मधून मधून थांबून तो निवू द्यावा.

पावसाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. दमट हवेच्या २० लिटरमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम पाणी असते. दाबाखाली त्याचे थेंब होतात व ते आत गेल्यास झडपा गंजतात. पंपाला ओल शोषणारी गाळणी असावी आणि साचलेले पाणी वेळोवेळी काढून टाकावे.

ऑक्सिजन कदापि नको

तालुक्याच्या गावी उच्च दाबाचे सिलिंडर सहज दिसते ते वेल्डिंगच्या दुकानात किंवा रुग्णालयात, आणि ते बहुधा ऑक्सिजनचे असते. ते रायफलीला जोडण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा वा ग्रीसचा अंशही पेट घेतो आणि स्फोट होतो. रायफलीत भरावयाची ती केवळ कोरडी, स्वच्छ हवाच. साध्या हवेच्या जोडांनाही खनिज तेल लावू नये. उत्पादकाने सांगितलेले वंगणच वापरावे.

उन्हाळा आणि मुदत

परभणीत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. २० अंश तापमानाला २०० बार भरलेले नळकांडे ४५ अंशांना सुमारे २१७ बार दाखवील. म्हणून भरलेले नळकांडे उन्हात अथवा बंद मोटारीत ठेवू नये.

नळकांड्यांवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे असून ती सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूचीच आहे. मोठ्या बाटल्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. बाटली घेताना तिच्यावरील चाचणीची तारीख पाहून घ्यावी.

जेथे खात्रीची हवा भरून मिळण्याची सोय नाही, तेथे हातपंप हाच सरळ मार्ग होय. त्यात श्रम अधिक असले, तरी आत काय भरले जात आहे याविषयी संशय उरत नाही. शाळेने हे काम एका प्रशिक्षित शिक्षकाकडे सोपवावे, प्रत्येक भरणीची नोंदवही ठेवावी आणि भरताना रायफलीत छर्रा नाही याची खात्री करून घ्यावी. नेमबाजीत लागणारा संयम हवा भरण्यापासूनच अंगी बाणला, तर खेळ सुरक्षित राहील व विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक धडाही अनायासे मिळेल.