पोरगं वेल्डिंगच्या दुकानात बसतंय? बसू द्या

दहावीचा निकाल जवळ आला की फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेले असतात. 'सर, लातूरला टाकू का?' 'नीटचं फाउंडेशन लावू का?' यंदा नांदूरघाटच्या एका वडिलांची तक्रार तेवढी वेगळी होती. पोरगं शाळा सुटली की वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसतं. भंगारातल्या सळया जोडून त्यानं स्टूल केलं, सायकलला कॅरिअर केलं. हे खूळ काढायचं कसं?

काढू नका. ज्याला जीवशास्त्राची खरी गोडी आहे त्यानं लातूरला जरूर जावं. बाकीच्यांना शेजाऱ्याचा पोरगा गेला म्हणून पाठवू नका. सायन्स, डिप्लोमा, पोलीस भरती यांची माहिती पारावरचा कुणीही देईल, मी ती उगाळत बसत नाही.

तुमच्या पोराला आधी एवढं कळू द्या की वेल्डिंगचे प्रकार वेगळे आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईकही वेगळं. गावात चालतं ते रॉडचं, म्हणजे आर्क वेल्डिंग. ते उघड्यावर, वाऱ्यातही जमतं. ट्रॉली, गेट, शेड सगळं त्याच्यावरच उभं राहतं. शिकाऊ हातानं ६०१३ नंबरचा अडीच मिलिमीटरचा रॉड घ्यावा आणि करंट ७०-८० अँपिअरच्या आसपास ठेवावा. जास्त झाला की पातळ चौकोनी पाइपला भोक पडतं, कमी झाला की रॉड चिकटतो. रेघ नीट बसली असेल तर गार झाल्यावर वरचा स्लॅग हातोडीच्या हलक्या टोल्यानं सुटतो आणि खाली एकसारखे खवले दिसतात. ते खवले पोरगं बापाला दाखवायला आणतं, तेव्हा बापानं मोबाइलमधून मान वर करावी.

दुसरं तारेचं, ज्याला सगळे सीओटू म्हणतात. तार आपोआप पुढे सरकते, गॅस सांध्याला हवेपासून वाचवतो. वारा आला की तो गॅस उडून जातो, म्हणून हे काम आडोशाला. चाकण, वाळूजच्या कारखान्यांत ते पदोपदी दिसेल. टिग त्याहून नाजूक: एका हातात टंगस्टनची टॉर्च, दुसऱ्या हातात भरण्याची काडी, वर आर्गॉनचं पांघरूण. स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या टाक्या, औषध कंपन्यांच्या नळ्या यांना हेच लागतं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या पुढेही टिकतो. तो फोडायला टिगला एसी करंट द्यावा लागतो. गॅस वेल्डिंग मागे पडलं असलं, तरी पितळ भरून बिडाचा तुटका भाग जोडायला आजही कामी येतं.

खरी किंमत आहे ती पाइपच्या कामाला. सिक्स-जी नावाच्या परीक्षेत पाइप ४५ अंशांत पक्का बसवतात. तो फिरवायचा नाही, वेल्डरनं स्वतः वाकून, वळून भोवती सांधा पुरा करायचा. बॉयलरच्या नळ्यांना तर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० प्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो. आपल्या केज तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोयता घेऊन ज्या साखर कारखान्यांकडे जातात, त्याच कारखान्यांच्या बॉयलरची दुरुस्ती हंगाम संपला की निघते. त्या कामाला आपलं पोरगं का नको?

आता पालकांना स्पष्ट सांगतो. डॉक्टरकीच्या हट्टापायी जमीन गहाण टाकून पोराला दोन वर्षं खोलीत कोंडणं हा गुन्हाच आहे, आणि पोरगं चार पैसे आणतं म्हणून शाळा सोडवून दुकानात बसवणंही तसंच. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, त्याला आठवी पास चालतं. तरी दहावी करूनच पाठवा. ड्रॉइंग वाचायला गणित लागतं आणि परीक्षेच्या कागदांवर इंग्रजी असतं. मुंबईच्या माझगाव डॉकच्या ॲप्रेंटिस भरतीतही वेल्डरच्या जागा निघतात. नुसत्या दुकानातल्या अनुभवावर मात्र कारखान्याच्या गेटच्या आत घेत नाहीत.

शिकण्याआधी काच, चामड्याचे हातमोजे आणि बूट घेऊन द्या. डोळ्याला वेल्डिंग लागलं की त्या वेळी काहीच कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि आई बटाट्याच्या चकत्या ठेवत बसते. जस्ताचा थर दिलेला पाइप जोडताना निघणाऱ्या धुरानं ताप येतो. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला तर उस्तादानं सांगितलं तरी रॉड लावू नये, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

आयटीआयचे अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचे असतात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाची वाट न पाहता आताच काढून ठेवा.