किल्लारीचा स्मृतिस्तंभ

स्मृती म्हणजे आठवण आणि स्तंभ म्हणजे खांब. आठवणीसाठी उभारलेला खांब तो स्मृतिस्तंभ. यंदा आमच्या शाळेची सहल लातूर जिल्ह्यातील किल्लारीला गेली होती. तेथे आम्ही भूकंपात गेलेल्या माणसांचा स्मृतिस्तंभ पाहिला. आम्ही सर्वांनी फुले वाहिली आणि दोन मिनिटे गप्प उभे राहिलो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून जास्त माणसे गेली. पुष्कळ गावे पुढे नव्या जागी वसवली. दर वर्षी ३० सप्टेंबरला लोक स्तंभापाशी जमतात. पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात.

मी गुरुजींना विचारले, "जमीन हलल्यावर इतकी माणसं कशी काय मेली?" गुरुजींनी जुन्या घरांची माहिती सांगितली. भिंती दोन-तीन फूट रुंद, पण दगड नुसत्या चिखलात बसवलेले. आतले दगड वेगळे, बाहेरचे वेगळे. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली.

मग घर कसे बांधावे? भिंतीत आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घालावेत, म्हणजे आतली व बाहेरची बाजू बांधली जाते. चारी भिंतींवरून सिमेंट व लोखंडी सळयांचा सलग पट्टा फिरवावा. छपराचे ओझे कमी ठेवावे.

गुजरातमध्येही २६ जानेवारी २००१ रोजी मोठा भूकंप झाला. त्याच्या आठवणीसाठी भुज येथे भुजिया डोंगरावर स्मृतिवन केले आहे. ते २०२२ साली सुरू झाले. तेथे एका दालनात भूकंपाचा हादरा कसा असतो ते अनुभवता येते.

आमचे घर माळवदाचे आहे. पाऊस गळू नये म्हणून बाबा दर उन्हाळ्यात वर नवी पांढरी माती टाकतात. जुनी तशीच राहते. मी बाबांना म्हणालो, "बाबा, वरचं ओझं किती झालं असंल?" बाबा म्हणाले, "माती काढली तर घर गळंल की रे." तेव्हा आजी म्हणाली, "गळलं तर भांडं ठेवता येतंय. त्या रातीला आपल्या फळीवरली भांडी पडली, तवा मी तुला पोटाशी धरून अंगणात पळाले." बाबा काही बोलले नाहीत. पण या उन्हाळ्यात आधी जुनी माती खाली उतरवायची, असे घरात ठरले आहे.

पालकांना विनंती आहे की, घरी गेल्यावर एकदा माळवद पाहावे. भिंतीला फुगवटा आला असेल तर गवंड्याला दाखवावा. उशाच्या वरच्या फळीवर पाटा, वरवंटा, जड डबे ठेवू नयेत. स्मृतिस्तंभाला फुले वाहावीत आणि एवढे कामही करावे.

इयत्ता चौथी